सफाईचं हिरवं बटण

१. कोरी भिंत

मंगळवारी सकाळी प्रतिभाताईंनी संगणक सुरू केला, तेव्हा पडद्यावर एकही मोर नव्हता.

एरवी त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की भिंतभर चित्रं दिसायची. मोर, कुयऱ्या, कमळं, बाहीवरच्या वेली, पाठीवरचे नक्षीदार गोल. यवत आणि आसपासच्या गावांत नवरीच्या ब्लाऊजवर मशीनचं भरतकाम करायचं, तर ते प्रतिभाताईंकडेच. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी एकेक टाका पडद्यावर आखत ही चित्रं जमवली होती. त्या सकाळी ती भिंत कोरी होती. त्यांनी संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये शोधलं. फायली होत्या, पण प्रत्येक फाइलीवर चित्राऐवजी नुसता पांढरा कागद. एकही उघडेना. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने येऊन उभ्या उभ्या पाहिलं आणि सांगितलं, कुणीतरी फायली आतून रिकाम्या करून ठेवल्यात.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यानंतर लग्नसराई.

‘कुणीतरी’ म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. धाकटी सून अंकिता, प्रतिभाताईंची जाऊ. प्रतिभाताईंनीच तिला हे काम शिकवलं होतं. संगणकाचा पासवर्ड तिला माहीत होता. तळेगाव ढमढेऱ्याला, माहेरच्या दुकानगाळ्यात स्वतःचं मशीन टाकायचं तिच्या मनात होतं, आणि ते तिने लपवलंही नव्हतं. त्यातून, दोनच दिवसांपूर्वी एका मोरावरून दोघींचं वाजलं होतं. अंकिता म्हणते मोर तिने काढलाय, प्रतिभाताई म्हणतात मी शिकवला म्हणून निघाला. शेवटी अंकिता म्हणाली होती, तुमची डिझाइनं तुम्हालाच लखलाभ. हे वाक्य आता सगळ्यांना आठवलं.

त्याच दुपारी तिला घराबाहेर काढलं, आणि ती बॅग घेऊन कारेगावला माझ्या खोलीवर आली. शिरूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी रसायनशास्त्र पुरं केलं आणि इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. तिचं लग्न झालं. तिचा नवरा गोकुळ याच वसाहतीत नोकरीला, पण तो कॉट बेसिसवर पाच जणांच्या खोलीत राहतो आणि गुरुवारच्या सुट्टीला यवतला जातो. त्यामुळे ती माझ्याकडे आली.

गुरुवारी गोकुळ यवतला जाऊन आला आणि संध्याकाळी भेळेचा पुडा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. तासभर संगणकापुढे बसलो, काही सापडलं नाही, असं त्याने सांगितलं. मग अंकिताच्या बाजूला बसून हळू आवाजात म्हणाला, "एकदा माफी मागून टाक. विषय संपेल."

मला तेव्हा तो भला माणूस वाटला.

रविवारी बैठक ठरली होती. अंकिताचे वडील रखमाजीमामा तळेगावहून यवतला येणार होते. प्रतिभाताईंनी सांगून ठेवलं होतं की तिने चार माणसांत कबूल करावं, नाहीतर या घरात ती तरी राहील किंवा मी तरी. घरातून काडीमोडाचा शब्दही निघाला होता.

"न केलेल्याची माफी मागितली, तर मी जन्मभर त्या घरात चोर," अंकिता म्हणाली. "आणि नाही मागितली, तर घरच नाही. वैष्णवी, तू रोज गोळ्या तपासतेस ना? एकदा हे तपास."

मी शुक्रवार ते रविवार रजा टाकली.

२. वजन

न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून यवत. घर हायवेपासून आत, उसाच्या कडेला. ओसरीवर अंकिताचे सासरे ज्योतिबाआबा बसले होते. तरुणपणी ते मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. आता शेती. पांढरा पटका, आणि बसायला खुर्ची असली तरी खाली अंथरलेलं घोंगडं.

प्रतिभाताई दारातच म्हणाल्या, "तिची मैत्रीण तू. तू तिचंच बोलणार."

मी म्हटलं की मला जे दिसेल तेच मी सांगेन, तिच्या विरुद्ध दिसलं तर तेही. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी खोलीची कडी काढली. मशीनवर कापड घातलं होतं. संगणकावर गोधडी. घरात कुणी वारल्यावर आरसा झाकावा तसं.

प्रयोगशाळेत एखादी बाटली कुणी रिकामी केली असं म्हटलं, तर पहिल्यांदा ती तराजूवर ठेवतात. मी तेच केलं. एका पांढऱ्या कागदावर टिचकी मारून त्या फाइलीचा आकार पाहिला. फाइल रिकामी असती, तर तिथे शून्य दिसायला हवं होतं. शून्य नव्हतं. दुसरी पाहिली. तिसरी. मग सगळी डिस्क निवडून एकदम वजन घेतलं. डिस्क भरलेली होती; सॉफ्टवेअरही तिच्यावरच बसवलेलं होतं. प्रत्येक फाइलीत शेवटचा बदल कधी झाला, तेही तिथे दिसतं. मंगळवार कुठेच नव्हता, सोमवारही नव्हता. मोरांना कुणी हातच लावला नव्हता.

मी दोनदा तपासलं, कारण माझा विश्वास बसेना. चोरी झालीच नव्हती. माल जिथल्या तिथे होता. हरवलं होतं ते संगणकाचं भान. या फायली कशाने उघडायच्या आणि सॉफ्टवेअरने आपली चित्रं कुठून आणायची, हे त्याला आठवत नव्हतं.

ही आठवण संगणक ज्या जागी ठेवतो, तिला रजिस्ट्री म्हणतात. कोणतं सॉफ्टवेअर कुठे बसवलंय, कोणती फाइल कुणाची, कोणती डिस्क कुठे, या असंख्य नोंदी तिथे असतात. आपण ती कधी पाहत नाही. पाहायची गरजही पडत नाही. तिथल्या काही नोंदी नेमक्या या घरातल्या, या कामाच्याच पुसल्या गेल्या होत्या.

मग मी संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालतं ती यादी उघडली. तिथे एक नाव होतं, पण त्याच्यापुढे चित्र नव्हतं. ते साधन संगणकावर कुठेच सापडेना. ते काढून टाकलेलं होतं, पण जाताना ते स्वतःची एक नोंद मागे विसरलं होतं. रोज सकाळी संगणक जागा झाला की ज्याला हाक मारायचा, ते तिथे नव्हतंच.

त्या नावात ‘डॉक्टर’ असा शब्द होता.

३. आधी झाडलोट

मी ते नाव वाचून दाखवलं. प्रतिभाताईंचा चेहरा बदलला.

"ते व्हय. ते आमचं हिरवं बटण," त्या म्हणाल्या. "ते पण नेलं बघ तिनं."

गणपतीच्या सुमारास संगणक हळू चालायला लागला, तेव्हा गोकुळने ते बसवून दिलं होतं. संगणक सुरू झाला की एक खिडकी उघडायची, लाल आकड्यात दोष दाखवायची. हिरवं बटण दाबलं की आकडा शून्य. प्रतिभाताई रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायच्या आणि मग ते बटण दाबायच्या. त्यांच्या घराचं वळणच तसं. उठल्यावर आधी झाडलोट, मग कपाटाला हात लावायचा. केर काढल्याशिवाय घरातली मौल्यवान वस्तू बाहेर काढायची नाही, हे त्यांच्या आईने शिकवलेलं. संगणकाचाही केर त्या काढत होत्या, रोज, न चुकता.

मंगळवारी सकाळीही बटण दाबलं होतं का, असं मी विचारलं. दाबलं होतं. आणि सगळं गेल्यावर, बुधवारी, सुधारेल या आशेने पुन्हा दाबलं होतं. म्हणजे बुधवारी ते संगणकावर होतं. गुरुवारी रात्री त्यांनी गोधडी उचलून पाहिली, तेव्हा नव्हतं.

अंकिता मंगळवारी दुपारी निघून गेली होती.

हे वाक्य मी मनातच ठेवलं. थोरला मुलगा, प्रतिभाताईंचा नवरा रविराज, कांद्याचा टेम्पो घेऊन सोमवारपासून बाहेर होता. तो फक्त फोनवर ओरडला होता. पासवर्ड तिघांनाच माहीत होता: प्रतिभाताई, अंकिता, गोकुळ.

मी ओसरीवर आले. आबांना सोमवारबद्दल विचारलं.

"सोमवारी दुपारी लई गडगाडलं," ते म्हणाले. "पाऊस टिपूस न्हाई, नुसत्या इजा. मागं शेजाऱ्याचा टीव्ही असाच जळला. मंग म्या समद्या वायरी उपसल्या. लाइटीची, मशीनची, त्या काळ्या डबीची बी."

"डबी म्हणजे डिस्क? ती कुठं ठेवली?"

"घोंगड्यात. लोकरीत इज शिरत न्हाई." त्यांनी बसल्या जागी घोंगडं थोपटलं. "रातभर हितंच व्हती, माझ्या उशाला. सकाळी थोरलीनं मागून नेली."

"कधी? संगणक सुरू करायच्या आधी, की नंतर?"

आबांना आठवेना. उत्तर आतून आलं. प्रतिभाताई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"नंतर," त्या म्हणाल्या. "आधी केर काढला, मग नेली. रोजच्यासारखं."

रोजच्यासारखं नव्हतं. रोज डिस्क जोडलेलीच असायची. पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी अजून सांगण्याइतकी खात्री करून घेतली नव्हती.

निघताना मी आबांना शेवटचं विचारलं, मंगळवारनंतर त्या खोलीत कोण कोण बसलं. "कोण न्हाई," ते म्हणाले. "म्या दार सोडलंच न्हाई. गोकुळ तेवढा, गुरुवारी. घामाघूम व्हईस्तवर खटपट केली पोरानं."

४. चहाच्या टपरीवर

शनिवारी सकाळी, तो कामावर जाण्याआधी, मी गोकुळला कारेगावच्या नाक्यावर गाठलं. त्याने दोन चहा सांगितले आणि मला पैसे देऊ दिले नाहीत. मी त्याला दाजी म्हणते. तो मला मॅडम म्हणून चिडवतो.

"काय मॅडम, रिपोर्ट काय म्हणतो? पास की रिजेक्ट?"

मी हसले. गुरुवारी तुम्ही काय काय केलंत, एवढंच विचारलं.

"काय करणार? अँटीव्हायरस फिरवला. बघितलं, बंद केलं. डिलीट-बिलीट काही केलं नाही."

डिलीटबद्दल मी विचारलं नव्हतं. मी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, वहिनींच्या संगणकावर ते सफाईचं साधन होतं, ते कुणी टाकलं?

"दुकानदारानंच टाकून दिलं असेल. असलं काहीतरी देतातच ते."

त्याने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. बसची वेळ झाली म्हणून तो उठला, पण त्याच्या कंपनीची बस नाक्यावर आली तेव्हा मी अजून तिथेच उभी होते, आणि तो त्या बसमध्ये चढला नाही. उलट्या दिशेने, खोलीकडे चालत गेला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हातातला ग्लास कलंडावा आणि तो पडेपर्यंत आपल्याला हालताच येऊ नये, तसं काहीतरी झालं.

५. निरोगी रोगी

नुसत्या संशयावर मी कुणाचं नाव घेणार नव्हते. आधी साधनाची चौकशी करायची होती.

दुपारी माझा लॅपटॉप पूर्ण पुसून नवा केला. त्यावर काहीच नव्हतं. एक फोटोही नाही. ज्याला आजार होणंच शक्य नाही असा रोगी. मग ‘डॉक्टर’ उतरवून घेतलं आणि तपासणी सुरू केली.

लाल आकडा वाढत गेला. शेकड्यांत गेला. ‘तुमचा संगणक गंभीर धोक्यात आहे,’ अशी पट्टी झळकली. नुकत्याच जन्मलेल्या संगणकात त्याने शेकडो दोष काढले होते. अंकिता माझ्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, "मग आमच्या घरी रोज कसले दोष जात होते?" मी म्हटलं, बहुतेक वेळा कसलेच नाहीत. काढल्याने संगणक वेगवान होत नव्हता, न काढल्याने हळू होत नव्हता. आकडा शून्य झालेला पाहून माणसाला बरं वाटायचं, तेवढंच.

पण मंगळवारी तसं नव्हतं. तो प्रयोग वेगळा करावा लागला. मी एका पेन ड्राइव्हवर चित्रांचं एक साधं सॉफ्टवेअर बसवलं, त्यात काही चित्रं ठेवली. ड्राइव्ह जोडलेला ठेवून तपासणी केली. त्या सॉफ्टवेअरबद्दल साधन काही बोललं नाही. मग ड्राइव्ह उपसून पिशवीत टाकला आणि पुन्हा तपासणी केली.

आता त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नोंदीपुढे लाल फुली होती. ‘मृत नोंद. काढून टाकणे सुरक्षित.’

मी हिरवं बटण दाबलं. ड्राइव्ह परत जोडला. चित्रं होती, पण प्रत्येक चित्रावर पांढरा कागद.

अंकिताने तोंडावर हात ठेवला.

पण मी दुसरंच पाहत होते. नोंदी काढण्याआधी साधनाने एक प्रत बाजूला ठेवली होती. चूक झाली तर सगळं पूर्ववत करता यावं म्हणून. मी त्या प्रतीवर दोनदा टिचकी मारली. पांढरे कागद गेले, चित्रं परत आली.

औषध होतं. यवतच्या संगणकावरही ते असलंच पाहिजे होतं. आणि शुक्रवारी यवतला, साधनाचं मागे काही उरलंय का हे पाहताना, मी ती जागा उघडली होती. ती रिकामी होती.

साधन काढलं की ती प्रतही जाते का, हे पाहायला मी साधन काढून टाकलं. प्रत तिथेच राहिली. ती घालवायची, तर कुणीतरी वेगळी, मुद्दाम घालवावी लागते.

६. बैठक

रविवारी सकाळी ओसरीवर सतरंजी पडली. आबा घोंगड्यावर. रखमाजीमामा खांबाला टेकून, टोपी मांडीवर. रविराज पहाटे टेम्पो घेऊन आला होता आणि डोळे लाल करून बसला होता. प्रतिभाताई दाराशी. गोकुळ अंकितापासून दोन हात दूर. कुणी पाणीही मागितलं नाही.

रखमाजीमामांनीच तोंड उघडलं. पोरीनं केलं असेल तर मी तिला घेऊन जातो, नसेल केलं तर तुम्ही सांगा, एवढंच ते म्हणाले.

मी उठून बोलले. शब्द थोडे वापरले. फायली रिकाम्या नाहीत, शेवटचा बदल मंगळवारचा नाही, हे सांगितलं. सोमवारी आबांनी इजेच्या भीतीने डिस्क काढली. त्यात काही चूक नव्हती. मंगळवारी ताईंनी डिस्क जोडायच्या आधी हिरवं बटण दाबलं. त्या साधनाने पाहिलं, या नोंदी ज्या डिस्ककडे बोट दाखवतात ती डिस्क इथे नाही, म्हणजे या मेल्या. आणि पुसून टाकल्या.

आबा घोंगड्यावर पुढे सरकले.

"म्हंजी मेंढरं चरायला गेल्याली," ते म्हणाले, "आन् ह्यो दुपारचा येऊन रिकामा मेंढवाडा बघून म्हणला, समदी मेली?"

"हो आबा. आणि मालकाला सांगितलं, तुझा वाडा साफ केला."

प्रतिभाताई दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसल्या. "म्हणजे बटण मी दाबलं," त्या म्हणाल्या. "मीच दाबलं, आन् हिला हाकललं."

रखमाजीमामांनी टोपी डोक्यावर घातली. त्यांच्यापुरतं प्रकरण संपलं होतं. गोकुळही सैल झाला. तो म्हणाला, चला, निवळलं, मशीनचं काय, होतं असं कधी कधी, आणि चहा ठेवा म्हणाला.

मी तेवढ्यावर खाली बसले असते, तर तिथेच संपलं असतं. अंकिताने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी ती माझ्या शेजारी होती. ती प्रत तिनेही पाहिली होती.

"वैष्णवी," ती म्हणाली, "औषधाचं सांग."

७. कचरापेटी

सगळे खोलीत आले. गोधडी निघाली. आधी मी डिस्कवरच्या सगळ्या फायलींची नक्कल माझ्या डिस्कवर करून घेतली. मग पडद्याच्या कोपऱ्यातली कचरापेटी उघडली. काढलेल्या वस्तू संगणक लगेच फेकत नाही, त्या आधी तिथे पडून राहतात. कोणती वस्तू कधी आली तेही तिथे लिहिलेलं असतं.

ती तिथे होती. मंगळवार सकाळची प्रत. कचऱ्यात टाकल्याचा दिवस: गुरुवार.

मी ती बाहेर काढली आणि दोनदा टिचकी मारली. मग सॉफ्टवेअर उघडलं.

पहिला मोर आला. मग कुयऱ्या, कमळं, वेली. भिंत भरत गेली. प्रतिभाताईंनी पदर तोंडाशी धरला.

रविराज पडद्यावरचा दिवस वाचत होता. "गुरुवार," तो म्हणाला. "गुरुवारी इथं कोण होतं?"

आबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच गोकुळकडे मान वळवली.

गोकुळ आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, चुकून झालं असेल. मग भिंतीला टेकला. ते साधन त्यानेच आणलं होतं. कंपनीत कुणीतरी म्हणालं होतं की असली साधनं घालू नकोस, तरी त्याने घातलं होतं, कारण घरात संगणकातलं कळणारा तोच. गुरुवारी त्याने साधनाचा मागला हिशेब उघडला, पुसलेल्या नोंदींत डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नाव पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. त्याने साधन काढलं. शेजारी ती प्रत दिसली. तिच्यातही तीच नावं होती.

"ती उघडली असतीत तर चित्रं आली असती," मी म्हटलं. "तेव्हाच. गुरुवारीच."

"मला तेवढं माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं पुरावा आहे." मग अंकिताकडे पाहून, जणू हे तिला तरी कळेल असं म्हणाला, "तुझ्यावर आलंच होतं गं. दादानं मला घरात उभं केलं नसतं. तू माझीच आहेस, तू समजून घेतलं असतंस. चार दिवसांनी मी आणणारच होतो तुला."



अंकिता इतके दिवस रडली होती. आता तिचे डोळे कोरडे होते. आवाजही वर गेला नाही.

"गुरुवारी तुम्ही इथून निघालात आणि थेट माझ्याकडं आलात," ती म्हणाली. "भेळ आणली होती. माझ्याशेजारी बसलात, आणि म्हणालात, एकदा माफी मागून टाक."

गोकुळ भिंतीपासून दाराकडे सरकला.

"त्या हातानंच ते कचऱ्यात टाकून आला होतात."

मला तो पुडा आठवला. मीही त्यातली भेळ खाल्ली होती.

रखमाजीमामा पुढे झाले आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चल घरी. प्रतिभाताई उठून मध्ये आल्या. माफी मागायला त्यांनी हात जोडले, पण शब्द आले ते दुसरेच. "जाऊ नको," त्या म्हणाल्या. "तो मोर तुझाच हाय. पहिल्यापासनं तुझा."

अंकिताने वडिलांचा हात खांद्यावरून अलगद काढला. मग सासऱ्यांपुढे उभी राहिली.

"आबा, मी इथंच राहणार. हे घर मी सोडलं नव्हतं, मला काढलं होतं. ताईंच्या खोलीत झोपेन, ताईंबरोबर काम करेन. पण यांनी गुरुवारी यवतला यायचं नाही. मी बोलवीन तेव्हा यायचं. बोलवीन की नाही, आज माहीत नाही."

रविराज काही म्हणणार होता. आबांनी हात वर केला.

"गोकुळ," ते म्हणाले, "कारेगावची बस कवा हाय तुजी?"

गोकुळने बापाकडे पाहिलं, मग भावाकडे. कुणीच नजर दिली नाही. तो चपला घालून अंगणातून गेला तेव्हा ऊस हलत होता, आणि कुणी त्याला चहा घेऊन जा असं म्हणालं नाही.

मी अजून संगणकापुढे होते. एक काम राहिलं होतं. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या यादीत ते नाव तसंच होतं. नसलेल्याला रोज मारलेली हाक. ते कुठे बोट दाखवतं, काढलं तर कशाला धक्का लागेल, हे मी दोनदा वाचलं. शेजारी प्रतिभाताई आणि अंकिता उभ्या होत्या. त्यांनाही वाचून दाखवलं. मग ती नोंद काढली. हाताने, एकच.

प्रतिभाताईंनी विचारलं, मग आता रोज सकाळी काय करायचं.

"काही नाही, ताई," अंकिता म्हणाली. तिने डिस्कची वायर नीट बसली आहे का ते चाचपून पाहिलं, आणि खुर्ची ओढून घेतली. "उदबत्ती लावायची आन् कामाला बसायचं."